रविवारचा भोंगा

अण्णा,

परवा तुमचं तेरावं झालं. काल सकाळी मी पुन्हा पळायला लागलो, आणि परतताना तुमच्या ओट्यासमोर आल्यावर सवयीनं मान डावीकडं वळवून गालातला चिंचोका टाकला. खाली तुमचा हात नव्हता. चिंचोका धुळीत पडला. चार पावलं पुढं गेल्यावर ते ध्यानात आलं. पण तोवर दुसरा भोंगा होऊन गेला होता, तिसऱ्याच्या आत गिरणीचं दार गाठायचं होतं, म्हणून थांबता आलं नाही. दिवसभर साच्यापुढं उभा राहून तुटलेलं सूत जोडत होतो आणि मन मात्र त्या धुळीत पडून होतं.

तालमीतल्या मंडळींनी मला तुमच्यावर चार ओळी लिहायला सांगितल्या आहेत. तू सातवी फायनलपर्यंत शिकलायस, तूच लिही, म्हणतात. तुमचा जन्म कुठला, कुस्त्या कोणाकोणाशी झाल्या, शाळेत ड्रिल मास्तर कधी झालात, असं सगळं त्यांना हवं आहे. ते त्यांना शाळेत विचारता येईल. मी लिहायला बसलो की मला तुमच्याशी भांडायलाच सुचतं. म्हणून भांडतोच. तुम्हाला आता उलट बोलता येत नाही, ही एक नवीच अडचण आहे. इतकी वर्षं मी तुम्हाला गप्प बसवायला बघत होतो, ते काही जमलं नाही, आणि आता तुम्ही गप्प झालात तर मला करमत नाही.

लोक म्हणतात, मल्लूच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा निघालं नाही. खरं आहे. तुम्हाला न्यायला आलेल्यांत तुमच्याशी कधी दोन शब्दही न बोललेली माणसं रडत होती आणि मी बांबू बांधत होतो. रडायला कुठून सुरुवात करायची तेच मला कळत नव्हतं. आपलं एक बोलणं अर्धं राहिलं आहे ना, अण्णा. ते पुरं झाल्याशिवाय तुम्ही गेलात असं मला मनापासून वाटतच नव्हतं.

आपली ओळखच मुळी माझ्या उशिरामुळं झाली. मी तेव्हा अक्कलकोट रस्त्याला, गावाबाहेर मामाच्या मळ्यात राहायचो आणि गिरणीच्या साचेखात्यात नुकताच लागलो होतो. पहाटेचा पहिला भोंगा उठवायचा, दुसरा दार उघडल्याचा, तिसऱ्याला दार बंद आणि दिवसाची मजुरी बुडाली. मी पहिला भोंगा ऐकून कूस बदलणाऱ्यांतला. मग दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत जीव घेऊन पळायचं. तुमचं घर नाक्याच्या अलीकडं, अगदी रस्त्याला लागून. तुम्ही ओट्यावर राखुंडीनं दात घासत बसलेले असायचा. एक दिवस ओरडलात.

"ए! पळतोयास तर नीट पळ की. म्हशीवानी पाय काय आपटतोयास? रस्त्यानं काय केलंय तुझं?"

"उशीर झालाय," मी न थांबता म्हणालो.

"रोजच व्हतोय की तुला उशीर. मी रोज ऐकतोय हितं बसून."

मला राग आला होता. पण साच्यापुढं उभं राहिल्यावर तुमचं ते वाक्य फिरून फिरून आठवायला लागलं. माझ्या पळण्याकडं रोज कोणीतरी कान देत होतं. मामाच्या घरी मी जेवलो की नाही याकडंही कोणाचं लक्ष नसायचं, आणि इथं एक माणूस माझी पावलं ओळखत होता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाय हलके टाकत गेलो. तुम्ही काही बोलला नाहीत. तुमचं न बोलणं ही शाबासकी असते, हे कळायला मला वर्ष लागलं.

खरं सांगायचं तर पळणाऱ्याला काय शिकवायचं हे तुम्हाला काडीचंही माहीत नव्हतं. तुम्ही स्वतः कधी मैलभर पळाला नव्हता. कुस्तीत गुडघा गेलेला, काठीशिवाय ओट्याखाली उतरता येत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं ते पैलवान घडवायचं. मग तुम्ही मला पैलवानच करायला घेतलंत. जोर काय, बैठका काय, तूप घातलेलं दूध काय, तुमच्या घरात काकू बिचाऱ्या बदाम वाटून वाटून दमल्या. दोन महिन्यांत माझ्या मांड्या अशा भरल्या की एकमेकींवर घासायला लागल्या. एका सकाळी कुंभारीच्या वळणावर मी सगळं दूध करडईच्या रानात ओकून टाकलं. येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही गंभीरपणे विचार करून म्हणालात, "दूध कच्चं राह्यलं असंल. उद्या लई तापवू."

शेवटी काकूंनीच ते बंद केलं. त्या दुधनी गावच्या. माझं आजोळही त्याच बाजूचं, म्हणून आम्ही दोघं कानडीत बोलायचो आणि तुम्हाला वाटायचं आम्ही तुमची चेष्टा करतो. पुष्कळदा तसंच असायचं. त्या दिवशी त्यांनी मला कानडीत विचारलं, या माणसाचं ऐकून मरायचं आहे का तुला? आणि दूध उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवसापासून आदल्या दिवशीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मी पुन्हा हलका झालो. तुम्ही त्याचं श्रेय बैठकांना दिलंत.

पण एक गोष्ट तुम्हाला पहिल्याच दिवशी कळली होती: हे पोरगं उतावळं आहे. घरातून निघाल्या निघाल्या सगळा जोर लावतंय आणि नाक्यावर येऊन तोंड वासतंय. तुमचं सगळं शिकवणं त्या एका उतावळेपणाभोवती होतं. चिंचोका त्यातलाच. काकूंनी तव्यावर अर्धवट भाजलेला चिंचोका निघताना गालात धरायचा. पाणी प्यायचं नाही, चिंचोक्यानं तोंड ओलं राहतं, हे एक. आणि तो दाताखाली घ्यायचा नाही, हे खरं. परतताना तुम्ही काठीवर रेलून ओट्याच्या कडेला उभे, हात पुढं केलेला. मी पळता पळताच चिंचोका तुमच्या तळहातावर टाकायचा आणि तसंच पुढं जायचं. अख्खा असला तर काही नाही. फुटलेला असला तर मागून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "फुटला!" चिंचोका फुटला म्हणजे धीर सुटला, हा तुमचा हिशेब. पहिल्या दिवसांत आळीतली पोरं मी यायच्या आधीच "फुटला, फुटला" म्हणत उभी राहायची.

आणि भोंगा. पहिला भोंगा झाला की मळ्यातून उलट्या दिशेनं, कुंभारीच्या वळणापर्यंत जायचं आणि तिथून माघारी. ओढ्याच्या पुलापाशी यायच्या सुमाराला दुसरा भोंगा व्हायचा. तोपर्यंत दम राखायचा.

"दुसरा भोंगा हुईस्तवर जोर लावायचा न्हाय," तुम्ही सांगायचात. "म्होरं कुत्रं गेलं तरी जाऊ द्यायचं. भोंगा झाला, की मंग बापाचं बी ऐकू नगंस."

"आणि नाही जमलं तर?"

"जमतंय की. डोस्कं घरी ठिवून जा. पळताना पाय आन् कान, दोनच पुरं."

मी डोकं घरी ठेवून जायला लागलो. दुसरा भोंगा कानावर पडला की माझे पाय माझे राहायचे नाहीत. पुलापासून नाका, नाक्यावर तुमचा हात, तिथून गिरणीचं दार. पुढं पुढं तर मी तिसऱ्या भोंग्याच्या इतका आधी पोचायचो की दारावरचा पठाण मला बसायला स्टूल द्यायचा. पोरं, पठाण, साचेखात्यातले तेलुगू सोबती, सगळ्यांना ते माहीत झालं होतं. कोणी शीळ घातली तरी माझे पाय उचलतात, असं ते म्हणायचे.

रविवार तेवढा सुट्टीचा. गिरणी बंद, पळणं बंद. सकाळी उन्हं वर आली की मी तुमच्याकडं यायचो आणि तुम्ही ओट्यावर चटई टाकून करडईच्या तेलानं माझ्या पोटऱ्या रगडायचात. तुमच्या अंगठ्यात कुस्तीचा सगळा जोर शिल्लक होता. मी ओरडलो की म्हणायचात, "ओरड, ओरड. तोंडाला बी येयाम पायजेच की." त्या चटईवर मी कितीदा झोपून गेलो असेन. जाग यायची तेव्हा अंगावर काकूंचं लुगडं पांघरलेलं असायचं आणि तुम्ही भिंतीला टेकून घोरत असायचा. अण्णा, मला बाप आठवत नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, "मंग? मला बी न्हाय आठवत." पण त्या चटईवर मला काही कमी आहे असं वाटायचं नाही.

मग ती शर्यत आली. याच रस्त्यावर, हीच वाट, नाक्यावरून निघून कुंभारीचं वळण घेऊन माघारी नाक्यावरच्या मैदानात. उन्हाच्या आत संपावी म्हणून पहाटेची, माझ्या रोजच्याच वेळेला. पहिला येईल त्याला पुण्याला पाठवणार, आणि तिथून निवड झाली तर पुढं बोटीनं. बोटीनं कुठं, ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. तुम्ही फक्त "बोटीनं" एवढंच म्हणायचात आणि हात लांब करून दाखवायचात. मला विचारायचात, समुद्रात मळमळलं तर काय करशील? मी म्हणायचो, तुमचं दूध पचवलंय, समुद्राचं काय घेऊन बसलात.

सगळ्यांना ठाऊक होतं, माझी रोजची वाट आहे. साताऱ्याकडचा पलटणीतला एक शिपाई तेवढा माझ्या तोडीचा होता. पुलापर्यंत तो पुढं राहिला, हाकेच्या अंतरावर. मी त्याला राहू दिलं. छाती मोकळी होती, पाय हलके होते, चिंचोका गालात अख्खा होता. मनात म्हटलं, भोंगा होऊ दे, मग बघतो. पुलावर आलो. भोंगा नाही. मला काय वाटलं असेल, अण्णा? मला वाटलं, आज पाय इतके चांगले चाललेत की मी भोंग्याच्या आधी पुलावर आलोय. मला आनंद झाला. इतका आनंद मला पळताना कधी झाला नव्हता. आणि तुमच्या शिस्तीनं मी आणखी थोडा सावकाश झालो, लवकर आलोय म्हणून.

शिपाई लांब गेला. मी कान देऊन पळत होतो. भोंगा आता होईल, आता होईल. बाभळी संपल्या, तुमच्या आळीची कौलं दिसली, मैदानातल्या पताका दिसल्या, तेव्हा मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे, आणि मग मी जो सुटलो तो शिपायाच्या पाठीला हात लागेल इतका जवळ गेलो. पण तोवर दोरी त्याच्या छातीला लागली होती. मी दुसरा आलो. सगळा दम शिल्लक ठेवून हरलो.

तुम्ही गर्दीतून काठी टेकत आलात आणि आधी हात पुढं केलात. मी चिंचोका टाकला. अख्खा. क्षणभर तुमचा चेहरा फुलला, ते मी पाहिलं. मग तुम्ही विचारलंत, "जोर का न्हाय लावलास?"

"भोंगा कुठं झाला?" मी म्हणालो.

तुम्ही मान वळवून गिरणीच्या धुराड्याकडं बघितलंत. मीही बघितलं. धुराड्यातून धूर निघत नव्हता. मागून कोणीतरी म्हणालं, "आज ऐतवार हाय की, मास्तर."

सगळं मैदान हसलं. वर्षभर आपण दोघं या दिवसासाठी झिजलो. पुलाचे दगड आपल्याला पाठ झाले होते. आणि सगळ्या शर्यती रविवारीच असतात आणि रविवारी भोंगा होत नसतो, एवढं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही मुठीत चिंचोका धरून घरी निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी आपलं भांडण सुरू झालं, ते तुम्ही जाईपर्यंत चाललं.

"डोस्कं नव्हतं का तुला?"

"तुम्हीच म्हणालात घरी ठेवून जा."

"रोज घरी ठिव म्हनलो. शर्यतीच्या दिशी बी?"

"मग तसं सांगायचं होतं."

"अरं, भोंगा म्हंजे काय देव हाय का? तुझी छाती तुला सांगत नव्हती व्हय?"

"सांगत होती. तुम्ही म्हणालात, छातीचं ऐकू नको, भोंग्याचं ऐक."

किती तऱ्हांनी आपण हे भांडलो. काकू म्हणायच्या, तुम्हा दोघांना भाकरीसंगं हेच तोंडी लावणं लागतं. तुम्ही नंतर माझ्या मागं लागलात, भोंगा सोड, पुलाअलीकडच्या बाभळीला जोर लावत जा. मी म्हटलं, कान कापून देऊ का? पाय ऐकतच नव्हते. त्या बाभळीवरून मी कितीदा गेलो, पण भोंग्याशिवाय अंगात जोर यायचा नाही. पुढं आणखी शर्यती झाल्या, सगळ्या रविवारीच. एखाददुसरी मी कशीबशी मारलीही. पण बोट परत आली नाही. मग माझं लग्न झालं, पोरं झाली, खात्यात वरची जागा मिळाली. पळणं सुटलं नाही, कारण गिरणी सुटली नव्हती आणि तुमचा हात ओट्यावर होता.

आणि मला तुमच्याकडून फक्त एक वाक्य हवं होतं. मल्लू, माझं चुकलं. एवढंच. बोट गेली त्याचं दुःख मला फार वर्षं राहिलं नाही; माझ्यासारखे पुष्कळ बोटीवाचून जगतात. पण सगळ्या गावापुढं मी वेडा ठरलो आणि तुम्ही गुरू राहिलात, हे मला खुपायचं. तुम्ही एकदा म्हणाला असता तर मीही लगेच म्हणालो असतो, माझंही चुकलं. मी ते वाक्य जिभेवर तयार ठेवलं होतं. तुमचं आधी यायला पाहिजे होतं, इतकंच.

यंदा तुम्ही अंथरूण धरलंत, तेव्हा काकूंना सांगून खाट ओट्यावर काढायला लावलीत. पडल्या पडल्या हात बाहेर काढायचात. तो इतका कापायचा की पळता पळता त्यावर चिंचोका टाकणं मला जमेना. मी थांबून, तुमचा हात धरून ठेवायला लागलो, तर तुम्ही खेकसायचात, "थांबू नगंस! पळनारा थांबतोय व्हय?" तुमचा तळहात उन्हात ठेवलेल्या तांब्यासारखा गरम असायचा. मी थांबायचोच. भोंग्याला तेवढं समजून घेता येत होतं.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून एका संध्याकाळी मी मुद्दाम भांडण उकरून काढलं. चिडलात की तुमच्या अंगात जीव यायचा. म्हटलं, अण्णा, आता तरी कबूल करा, त्या दिवशी कोणाचं चुकलं? तुम्ही चिडला नाहीत. छताकडं बघत राहिलात. मग म्हणालात, "मल्लू, त्या दिशी मी..." आणि खोकल्याची उबळ आली. काकू पाणी घेऊन धावल्या. उबळ थांबली तेव्हा तुम्ही दमून डोळे मिटले होते. मी खूप वेळ बसलो. निघताना तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "जा आता. सकाळी भोंगा हाय तुझा." त्यानंतर तुम्हाला नीट बोलता आलंच नाही. मी साच्यापुढं उभा असताना निरोप आला.

त्या दिवशी मी काय? ते मला कोणाकडूनही कळायचं नव्हतं, अण्णा. तुमच्याबरोबर ते वाक्यही गेलं, असं मी धरून चाललो होतो.

काल संध्याकाळी गिरणी सुटल्यावर मी तुमच्या घरी आलो होतो. काकू ओट्यावर बसल्या होत्या. धुळीतला चिंचोका त्यांनी उचलून कोनाड्यात ठेवला होता. म्हणाल्या, सकाळी तू टाकलास ते मी आतून पाहिलं, मला हात पुढं करायला सुचलं नाही. नंतर आवाज खाली आणून कानडीत बोलायला लागल्या. घरात ऐकणारं कोणी नाही, तरी सवयीनं, तुम्हाला कळू नये म्हणून.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या शर्यतीनंतर दर रविवारी पहाटे तुम्ही उठून बसायचात. गिरणी बंद, भोंगा नाही, मी मळ्यात झोपलेलो, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तुम्ही दार उघडून, पुलाच्या दिशेला तोंड करून ओट्यावर बसायचात. कान लावल्यासारखे. आणि दुसऱ्या भोंग्याची वेळ झाली की एक शब्द म्हणायचात. मोठ्यानं नाही, पण शेजारी माणूस असलं तर ऐकू जाईल असा. मग आत येऊन पडायचात. पहिल्यांदा काकू भ्यायल्या. विचारलं, कोणाशी बोलताय? तुम्ही म्हणालात, कोनाशी न्हाय. पुढं त्यांनी विचारणं सोडलं. थंडीत, पावसात, एकही रविवार चुकवला नाहीत. शेवटी शेवटी उठता येत नव्हतं तेव्हा खाटेवरूनच. आणि मग उन्हं वर आली की मी यायचो, तेव्हा तुम्ही माझ्यावर डोळे वटारून म्हणायचात, झोपून झोपून सुजलायस की लेका.

काकू सगळं कानडीत सांगत होत्या. तो एक शब्द तेवढा त्यांनी मराठीत सांगितला, तुमच्या आवाजात.

"आता."

अण्णा, मला एकदा ऐकायचं होतं ते तुम्ही दर रविवारी म्हणत होतात. रिकाम्या रस्त्याला सांगत होतात. आणि मी, तुमचा कानाचा पक्का शिष्य, त्या वेळी पांघरूण डोक्यावर घेऊन झोपलेलो असायचो. एकदा, एकाच रविवारी मला चुकून पळायची बुद्धी झाली असती तर? रागावू तरी कसा तुमच्यावर? इतका हट्टी माणूस मी पाहिला नाही. माझ्यासमोर दोन शब्द बोलायला तुमची जीभ वळली नाही, आणि माझ्या माघारी इतकी वर्षं त्या गिरणीचा भोंगा होऊन बसलात.

आज रविवार. पहिला भोंगा नव्हताच, तरी मला जाग आली. बायको म्हणाली, आज सुट्टी आहे. मी म्हटलं, माहीत आहे, या वेळेला माहीत आहे. चिंचोका गालात धरला आणि निघालो. कुंभारीच्या वळणापर्यंत सावकाश गेलो, तुम्ही शिकवलं तसा. रस्त्यावर कोणी नव्हतं. आता माझं वय पळायचं राहिलेलं नाही, गुडघे बोलतात. तरी दम राखून ठेवला. ओढ्याच्या पुलावर आलो. समोर धुराडं दिसत होतं, धूर नव्हता.

कान लावला. ओढ्याचं पाणी, कुठंतरी एक पाखरू. बाकी काही नाही. तुम्ही इथून इतक्या लांब बसून तो शब्द म्हणायचात, तो पुलापर्यंत कधीच पोचला नसता, मी तिथं असतो तरी. तुम्हाला ते कळत असणार. आणि तरी म्हणायचात.

माझे पाय उचलले, अण्णा. भोंग्याशिवाय. पहिल्यांदाच. बाभळीवरून गेलो, आळीची कौलं दिसली. धावताना डोळ्यांसमोरचं धूसर होत होतं. पळनारा थांबतोय व्हय, म्हणून थांबलो नाही.

ओट्याच्या कडेला काकू उभ्या होत्या. हात पुढं केलेला, तुम्ही करायचात तसाच. मी मान वळवून चिंचोका त्यांच्या तळहातावर टाकला आणि पुढं गेलो. आज गिरणीचं दार गाठायचं नव्हतं, पण पुढं गेलोच. मग काकू घराकडं तोंड करून, तुम्ही आत असल्यासारख्या, मराठीतून, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "अहो! फुटला!"